कप्तान आणि बाकीचे

८ जानेवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि रोबोटचा संघ माझ्या गळ्यात घातला. आधीचे सर दुसऱ्या शाळेत गेले, स्पर्धा मार्चच्या सुरुवातीला, आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी मी एकटी. मी म्हटलं, मला रोबोट फक्त लांबून बघून माहीत आहे. त्या म्हणाल्या, मुलांना सगळं येतं, तुम्ही फक्त सोबत राहा. ‘फक्त’ हा शब्द वरिष्ठांच्या तोंडून आला की समजावं, काम मोठं आहे.

जिन्याखालची जुनी संगीताची खोली आता त्यांची. भिंतींना अजून आवाज शोषणाऱ्या जाड कापसाच्या गाद्या आहेत, त्यामुळे आत शिरलं की कानात बोळे घातल्यासारखं वाटतं. मधोमध जमिनीवर स्पर्धेचं छोटं मैदान मांडलंय. रोबोटनं चेंडू उचलायचे आणि उंच टोपलीत टाकायचे. पहिले काही क्षण तो आपला आपण चालतो, नंतर एक जण रिमोटनं चालवतो. एवढं मला आज कळलं.

मुलं चार. एक पोरगा खिशात कायम स्क्रू खुळखुळवतो, म्हणून त्याला सगळे ‘इस्क्रू’ म्हणतात. जोडणी त्याची. एक मुलगी परीक्षकांपुढे बोलायला आहे आणि तिला सरावाची गरज दिसत नाही, ती ‘बडबडी’. प्रोग्राम लिहिणारा ‘मौनी’, त्यानं आज एकूण दोनदा मान हलवली. आणि कप्तान. अकरावीतली, उंच, बाह्या वर सारलेली. रोबोट चालवते तीच, हात दुरुस्त करते तीच (रोबोटचा हात, चेंडू उचलणारा), किल्ली तिच्याकडे, सामानाची आठवण तिला. मला कोपऱ्यातली बरी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही काळजी करू नका. मी आहे.”

जिवात जीव आला.

१२ जानेवारी, शुक्रवार

संघ सांभाळणाऱ्या शिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर होतं. मला वाटलं मोटारी आणि बॅटऱ्या शिकवतील. पण दुपारी एक समुपदेशक आल्या, बसक्या आवाजाच्या, आणि मुलांच्या झोपेबद्दल, जेवणाबद्दल, मनाबद्दल बोलल्या. एका संघातला मुलगा गेल्या वर्षी ऐन स्पर्धेत ओकायला लागला, मग महिनाभर शाळेत आला नाही, असं काही त्यांनी सांगितलं. “मुलं दमली तर सांगत नाहीत,” त्या म्हणाल्या. “दमलेलं मूल बहुतेक वेळा तुम्हाला शहाणं मूल वाटतं.” हे वाक्य मला आवडलं म्हणून इथे उतरवलं.

येताना बसमध्ये ठरवलं. आपल्या संघात असं होऊ द्यायचं नाही. संध्याकाळी सहाला खोली बंद. रविवारी सुट्टी म्हणजे सुट्टी. डबा बसून खायचा, उभ्या उभ्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात घास असं नाही. आणि सराव संपला की गोल बसून प्रत्येकानं आजचा दिवस कसा गेला ते एका वाक्यात सांगायचं.

नवरा म्हणाला, “चांगलं आहे. तू पण बसशील ना गोलात?” तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना ‘हे दिसतं का, आता दिसतं का’ विचारतो, त्याची सवय घरीही जात नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

नियम जाहीर केले. इस्क्रूचं तोंड असं झालं की जणू मी त्याचा पाना जप्त केला. बडबडीला गोलाची कल्पना पसंत पडली. तिचं एक वाक्य बराच वेळ चाललं. मौनी म्हणाला, “ठीक.” दिवस ठीक गेला की नियम ठीक आहेत, कळलं नाही.

कप्ताननं मात्र बाजू उचलून धरली. इस्क्रूला तिनंच समजावलं. ती नसती तर माझं कोणी ऐकलं असतं का, देव जाणे. म्हणून मग या सगळ्याची जबाबदारीच तिच्याकडे दिली. सहाला सगळ्यांना उठवायचं, डब्याला बसवायचं, गोल जमवायचा. “करते मॅडम,” म्हणाली. मुलांना आरामाला लावायचं काम इतकं कष्टाचं असेल असं वाटलं नव्हतं, पण ती आहे.

तिचा आजचा दिवस ‘मस्त’ गेला.

२३ जानेवारी, मंगळवार

मौनीची काळजी वाटते. गोलात दोन शब्दांच्या वर जात नाही. खिडकीपाशी पाठ करून बसतो, लॅपटॉप मांडीवर. समुपदेशक बाईंनी सांगितलेली लक्षणं मनात घोळवत होते. एकटं राहणं, कमी बोलणं, सगळं जुळतं.

आज त्याला बाजूला घेऊन बोलले. काही त्रास आहे का, घरी ठीक ना, झोप लागते ना. तो म्हणाला, लागते, नऊ वाजताच लागते. मग जरा थांबून म्हणाला, “मला बोलायला फार आवडत नाही, मॅडम. एवढंच आहे.” पुढे आणखी काही सांगणार असं वाटलं. दाराकडे बघत होता. तेवढ्यात कप्तान सामानाची खोकी घेऊन आत आली आणि तो गेला.

मी कप्तानला म्हटलं, याच्याकडे जरा लक्ष ठेव. रोज विचारपूस कर, पण त्याला कळू न देता. तिनं मान डोलावली. तिच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्ट्या आहेत. विचारलं तर म्हणाली, पत्र्याच्या कडा लागतात. काम करणाऱ्याच्या हाताला लागायचंच. इस्क्रूचे हात मात्र लोण्यासारखे.

३० जानेवारी, मंगळवार

हात चालायला लागला! शनिवारी सहाला खोली बंद केली तेव्हा त्याचं मनगट अडकत होतं, चेंडू निम्म्यात सुटत होता. काल सकाळी पाहते तर एकदम सुरळीत. कप्ताननं हात सुटा करून दप्तरातून घरी नेला होता म्हणे, रविवारी बसून दातेरी चाकं बदलली. नियम मोडला खरा. पण काम इतकं देखणं झालं होतं की रागवायला तोंड उघडलं आणि शाबासकी बाहेर पडली.

मोठ्या बाई येऊन बघून गेल्या. हॉलमधल्या ढालींच्या कपाटात मधल्या फळीवर जागा आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

रात्री जेवताना नवऱ्याला मौनीचं सांगत होते. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, “आणि त्या मुलीचं कोण बघतं?” मी म्हटलं, कोणत्या? तिचं काय बघायचं, तीच सगळ्यांचं बघते. तो वाटी उचलून स्वयंपाकघरात गेला. त्याला या क्षेत्रातलं काही कळत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

शेजारच्या शाळेशी सरावाचा सामना. त्यांचा संघ मोठा, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, आणि त्यांचे सर शिट्टी घेऊन. आम्ही दोन्ही फेऱ्या जिंकलो. कप्तान रिमोट हातात घेते तेव्हा तिच्याकडे बघत राहावं. ओठ घट्ट, नजर मैदानावर, आणि रोबोट तिच्या बोटाला बांधल्यासारखा फिरतो.

दुसरी फेरी संपली आणि तिनं रिमोट टेबलावर ठेवला तर तो टेबलावर खडखडला. तिनं पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले. मी पाणी दिलं. “जिना पळत चढले होते ना,” ती हसून म्हणाली. फेरी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी चढली होती, हे मला आता लिहिताना सुचतंय. असो, उत्साह असतो.

त्या सरांनी जाताना म्हटलं, तुमची मुलं काय आनंदी दिसतात हो. मला घरी येईपर्यंत पुरलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमानं लिहिते, म्हणजे मला कळेल.

पहिल्या तासाला कप्तान वर्गात नव्हती. तिच्या आईला फोन केला तर त्या म्हणाल्या, ती तर नेहमीच्या वेळेला निघाली. त्या शिवणकाम करतात. मागून यंत्राचा आवाज येत होता, तो एकदम थांबला.

मी जिन्याखाली गेले. मौनी दारात उभा होता, माझीच वाट बघत असल्यासारखा. म्हणाला, “ती बसमधून उतरलीच नाही. आम्ही एकाच बसनं येतो. शाळेचा थांबा आला, मी हाक मारली. ती माझ्याकडे बघून हसली आणि बसून राहिली.” मग, मी काही विचारायच्या आत, “गेल्या आठवड्यातही एक थांबा पुढे गेली होती. तिथून चालत आली. मला म्हणाली, कोणाला सांगू नकोस. ती जेवत नाही, मॅडम. डबा आम्हाला वाटून टाकते. मी तुम्हाला सांगणार होतो.”

इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. जिच्यावर मी त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम सोपवलं होतं, तिच्याकडे हा पोरगा इतके दिवस बघत होता.

तिची आई आणि मी रिक्षानं त्या बसच्या शेवटच्या थांब्याला गेलो.  तिथे बस वळवायची मोकळी जागा, एक पाणपोई आणि बाकं. ती बाकावर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन, पोस्टात नंबर लागायची वाट बघावी तशी. रडत नव्हती. आम्हाला बघून उठली आणि सवयीनं म्हणाली, “सॉरी, तुम्हाला त्रास झाला.”

आई तिच्या शेजारी बसल्या. मी उभीच राहिले, मग मीही बसले. मी विचारलं, काय झालं. ती समोरच्या रिकाम्या बसकडे बघत होती.

“उतरायचं होतं,” ती म्हणाली. “पायांना सांगितलं, उठा. ते उठेनात. मग इथं आले तर इथं कोणाला माझ्याकडून काही नको होतं. म्हणून बसले.”

आई म्हणाल्या, “अगं, पण घरी तर रोज म्हणतेस, छान चाललंय.”

“तसं म्हटलं की प्रश्न संपतात, आई.”

मी म्हटलं, मला सांगायचंस. आणि बोलल्यावर ऐकू आलं मला, मी काय म्हटलं ते. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, हे जास्त लागलं.

“कधी सांगणार, मॅडम? तुम्ही आलात की मी तुम्हाला सांगायची, की बाकीचे कसे आहेत.”

येताना रिक्षात ती आईच्या खांद्यावर झोपली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. रिक्षावाल्यानं खड्डे चुकवत नेली. आई हळूच म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, शाळेत तुम्ही बघताय.” मी म्हटलं, मला वाटलं ती स्वतःच बघते.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी तपासलं. अंगात रक्त कमी, झोप तर नाहीच. कित्येक रात्री ती पहाटेपर्यंत जागी असायची म्हणे. सध्या घरी राहायचं, खायचं, झोपायचं, आणि शिबिरातल्या त्या समुपदेशक बाईंकडे आठवड्यातून एकदा जायचं. त्यांचा पत्ता मीच दिला. देताना त्यांचं ते वाक्य आठवलं. आवडलं म्हणून उतरवलं होतं मी, पाठ केलेल्या धड्यासारखं.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या हळहळल्या, मनापासून. मग विचारलं, “आता चालवणार कोण?” मला संताप आला. संताप यायचं खरं कारण हे की काल रिक्षात, ती झोपलेली असताना, माझ्याही मनात हाच प्रश्न आला होता. हे इथेच राहू दे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मुलांना सांगितलं, तिच्या आईची परवानगी घेऊन, जेवढं सांगायला तिनं हो म्हटलं तेवढंच. इस्क्रू म्हणाला, तिचा डबा सगळ्यात जास्त मी खाल्लाय. 

मग प्रश्न स्पर्धेचा. मी म्हटलं, नाही गेलो तरी चालेल. तिघांनाही जायचं होतं, पण हात कोणाला झेपणार? तो तिनं बनवलेला, बिघडला की तिलाच समजतो. इस्क्रू म्हणाला, मी रात्री बसून शिकतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं “बरं” म्हटलं.

मौनी उठला, मैदानापाशी गेला आणि म्हणाला, “हात काढून टाकू.”

बिनहाताचा रोबोट चेंडू उचलू शकणार नाही, पण ढकलू शकेल. खालची टोपली जमिनीलगत आहे, तिथे गुण कमी मिळतात, पण मिळतात. सोपं यंत्र, सहज दुरुस्त होणारं, कोणीही चालवावं असं. इस्क्रूचा चेहरा पडला. इतकं देखणं काम उतरवायचं म्हणजे दागिना मोडल्यासारखं. तरी पाना त्यानंच उचलला. पण आधी मी कप्तानच्या घरी फोन करून तिला विचारलं. ती म्हणाली, “काढा. खरं सांगू? तो हात मला स्वप्नात यायचा.”

मोठ्या बाईंना पटलं नाही. “म्हणजे हरायलाच चाललात की.” मी म्हटलं, खेळायला चाललोय. त्यांनी चष्मा काढला. “मूल की ढाल, असं विचारताय का मला?” मी म्हटलं, “विचारत नाही, बाई. ठरलंय ते सांगायला आले.” 

२१ फेब्रुवारी, बुधवार

कप्तान आज शाळेत आली. अर्धा दिवस. चेहऱ्याला थोडा रंग आलाय. दुपारी जिन्याखाली डोकावली आणि आधीच सांगितलं, कप्तानपण नको, रिमोट नको, आठवड्यातून दोनदा येईन आणि कंटाळा आला तर जाईन. हे वाक्य तिनं पाठ करून आणलं होतं, कळत होतं.

मुलांना कसं वागावं समजेना. इस्क्रूनं खुर्ची दिली, बडबडीनं पाणी, मग पुन्हा पाणी. पाच मिनिटांत तीनदा “बरी आहेस ना?” शेवटी ती म्हणाली, “मला असं विचारत राहिलात तर मी परत शेवटच्या थांब्याला जाईन. काहीतरी बिनडोक काम द्या.” सगळे दचकले, आणि मौनी हसला. तो हसतो तेव्हा शिंकल्यासारखा आवाज येतो. मग सगळेच.

इस्क्रूनं आपला खिसा तिच्यापुढे उलटा केला. ती तासभर स्क्रू निवडत बसली, लांब इकडे, आखूड तिकडे. मध्येच बडबडीनं डबा उघडला, तर तिनं न विचारता त्यातला अर्धा खाल्ला.

बिनहाताच्या रोबोटचं नाव ‘म्हैस’ ठेवलंय. चाल तशीच आहे. वाटेत कोण आलं याचा विचार करत नाही.

२ मार्च, शनिवार

स्पर्धा झाली.

मोठं बंदिस्त क्रीडागृह, दिव्यांचा प्रकाश डोळ्यांत जाणारा, आणि इतका गोंगाट की आमच्या कापसाच्या खोलीची आठवण यावी. बाकीच्या संघांचे रोबोट म्हणजे काय एकेक, हात, पंजे, फिरते पट्टे. आमची म्हैस त्यांच्यात उभी राहिली तेव्हा पलीकडच्या संघातलं कोणी तरी विचारलं, वरचा भाग आणायला विसरलात का. बडबडी म्हणाली, “नाही, घरी आराम करतोय.”

म्हैस बडबडीनं चालवली, कारण तिला सगळ्यात कमी भीती वाटते. पहिली फेरी हरलो. दुसऱ्या फेरीत समोरच्याचा झोकदार पंजा मध्येच अडकला आणि आमची म्हैस एकामागून एक चेंडू ढकलत राहिली, संथ, निवांत, शेवटच्या शिट्टीपर्यंत. जिंकलो. इस्क्रूनं मौनीला उचललं, मौनीला ते आवडलं नाही.

तिसऱ्या फेरीत चेंडू चाकाखाली गेला आणि म्हैस जागीच गरगर फिरायला लागली. नियमानं हात लावता येत नाही. बडबडीनं मान वळवून प्रेक्षकांत पाहिलं, इस्क्रूनंही, आणि खरं सांगते, मीही. कप्तान आईबरोबर तिसऱ्या ओळीत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, दोन्ही खांदे उडवले आणि मोठ्यांदा हसली. म्हणजे काय, ते कळायला आम्हाला एक क्षण लागला. मग बडबडी परत मैदानाकडे वळली. म्हैस मागे, पुढे, मागे, नाहीच सुटली. हरलो. आम्ही यादीत मधेच कुठेतरी. ढाल शिट्टीवाल्या सरांच्या शाळेला.

परतीच्या वेळी सामान भरत होतो. मोठ्या बाई दिवसभर मागच्या खुर्चीत बसून होत्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी साडीचा पदर खोचला, वायरींचं खोकं उचललं आणि गाडीपर्यंत स्वतः नेऊन ठेवलं. मग म्हणाल्या, “ती मुलगी हसताना अगदी वेगळी दिसते.”

५ मार्च, मंगळवार

खोली आवरली. दुपारी कप्तान एकटी आली होती, आपला पाना न्यायला. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी लहान वर्गांचा संघ काढायचाय, तू त्यांना शिकवशील का? तुझ्याइतकं कोणाला येत नाही. बोलून गेले आणि मग जीभ चावली.

ती पाना हातात फिरवत उभी राहिली. मानेवर लाली चढली.

“नाही, मॅडम.”

एवढंच. कारण दिलं नाही, पुढे ‘पण’ जोडलं नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी काय करते ते. मला वाईट वाटलं का? वाटलं, जरासं. मग तिनं विचारलं, राग आला का. मी म्हटलं, थोडा आला होता, गेला. ती म्हणाली, “मला वाटलं होतं यापेक्षा जास्त येईल,” आणि जिना चढून मैत्रिणींकडे गेली.

शाळा सुटताना मोठ्या बाईंनी बोलावलं. एप्रिलमध्ये विज्ञान प्रदर्शन आहे, तीन शाळांचं मिळून. तुम्ही फक्त देखरेख करायची. माझं तोंड ‘करते’ म्हणायला उघडलंच होतं. मी म्हटलं, उद्या सांगते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना ‘उद्या’ म्हटलेलं नाही.

जेवताना नवऱ्याला सांगितलं, अजून काही ठरलेलं नाही म्हणून. तो म्हणाला, ठरलंय गं. तुला फक्त उच्चारता येत नाहीये.